जिन्याच्या वर, जिन्याच्या खाली

आमच्या सोसायटीचा कचरा नेणाऱ्या शालनताईंच्या अंगठ्यात सुई घुसली तेव्हा मी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली गेले होते. सुई म्हणजे डॉक्टरांच्या हातात दिसते तशी लांबलचक नव्हे. इन्सुलिनच्या पेनला लावतात ती, चार मिलिमीटरची, मुद्दाम शोधल्याशिवाय नजरेस न पडणारी. सुक्या कचऱ्यात बिस्किटाचा रिकामा पुडा होता, त्यात ती कुणीतरी गुंडाळून टाकलेली. ताईंनी रोजच्या सवयीने पुडा मुठीत चुरगळला आणि हात झटकन मागे घेतला. ओरडल्या वगैरे अजिबात नाहीत. अंगठा दाबून रक्ताचा थेंब बाहेर काढला, वॉचमनच्या केबिनमागच्या नळाखाली हात धरला, साबण मागून घेतला, आणि पदराला हात पुसत मला म्हणाल्या, "ताई, कुणाची हाय तेवढं इचारा की तुमच्या मोबाईलवर. डॉक्टर पयलं त्येच इचारतोय."

मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. चार जणांनी जोडलेले हात पाठवले. एकाने 'व्हेरी सॅड' म्हटलं. सेक्रेटरींनी 'सर्व सभासदांनी दक्षता घ्यावी' अशी सूचना ठळक अक्षरांत लावली, त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा रोजचा गुलाब आला, गुलाबाखाली सुविचार, आणि दुपारपर्यंत सुई वर सरकून दिसेनाशी झाली. 'माझी' असं कुणी म्हणालं नाही. त्याचं मला फार नवल वाटलं नाही. आपल्याकडे आजार सांगायला लोक कचरतात, त्यात हा तर गुन्हा कबूल करण्यासारखाच प्रकार. डोक्यात बसला तो ताईंचा प्रश्न. इस्पितळात नर्सला सुई टोचली तर पहिला प्रश्न तोच असतो: पेशंट कोण? मग त्याचं रक्त, तिचं रक्त, हेपटायटिस बी ची लस झाली आहे का, एचआयव्हीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत औषधं. सगळं कागदावर लिहिलेलं असतं. शालनताईंना तो कागद कुणी दाखवलेला नव्हता, तरी त्यातला पहिला प्रश्न त्यांना पाठ होता. म्हणजे ही पहिली सुई नव्हती.

सुयांशी माझं नातं जुनं आहे. वडील डॉक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आणि वर आम्ही. माझ्या लहानपणी दवाखान्यात कचरा जवळपास नव्हताच. इंजेक्शनची सिरिंज काचेची, ती स्टीलच्या लांबट डब्यात स्टोव्हवर उकळायची. झाकणाचा खडखड आवाज आणि स्पिरिटचा वास एकत्र आले की ओळीत बसलेली पोरं आपोआप मुसमुसायला लागायची. सुया बोथट झाल्या की कंपाउंडरकाका बारीक दगडावर घासून त्यांना टोक काढायचे आणि टोकाला कापूस अडकतो का ते बघायचे. औषधाची बाटली पेशंटने घरूनच आणायची, तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी खळीने चिकटवायची. एकच सुई सबंध गावाला टोचली जायची, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. पण कचऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या दवाखान्यातून संध्याकाळी बाहेर पडायचं ते मूठभर कापूस आणि रिकाम्या अँप्युल्स. परसात एक खड्डा होता, त्यात सगळं मावायचं.

मग एकदा वापरून फेकायच्या सिरिंज आल्या. एड्सची भीती गावापर्यंत पोचली होती आणि पेशंट स्वतःच मेडिकलमधून पाकीट घेऊन येऊ लागले, "डॉक्टर, नवीन सुई आणलीया." वडिलांना ते पटलेलं होतं, पण परसातला खड्डा बघता बघता भरला. पावसाळ्यात माती खचली की पांढऱ्या नळ्या वर यायच्या आणि पोरं त्यांच्या पिचकाऱ्या करायची. देशाने इस्पितळातल्या कचऱ्यासाठी नियम केले ते १९९८ मध्ये. आमच्या गावात त्याची गाडी यायला आणखी बरीच वर्षं गेली. वडील सुरुवातीला कुरकुरले. महिन्याची फी, नोंदवही, रंगीत पिशव्या. त्यातल्या त्यात सुई जाळायचं छोटं यंत्र त्यांना आवडलं होतं: सुई फटीत घातली की चर्रकन ठिणगी, तापल्या लोखंडाचा वास, आणि टोक नाहीसं. पुढे रंग ठरून गेले. रक्ताळलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया आणि पाती पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, टोचल्या तरी भोक न पडणाऱ्या डब्यात. पिशवीवर बारकोड. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. गावात बाकी कुठलीच गोष्ट वेळेवर यायची नाही. ही गाडी मात्र यायची.

आणि वरच्या मजल्यावर आई. तिला मधुमेह होता आणि शेवटची बरीच वर्षं दोन वेळचं इन्सुलिन. ती लाल टोपणाच्या सिरिंजने स्वतःच टोचून घ्यायची, देवासमोरच्या पाटावर बसून, पोटाची चिमूट धरून. वापरलेल्या सुया ती हॉर्लिक्सच्या रिकाम्या बरणीत टाकायची. बरणी भरली की वडील ती उचलून लाकडी जिन्याने खाली न्यायचे आणि पांढऱ्या डब्यात ओतायचे. त्या जिन्यावर कचऱ्याचं काय होत होतं याचा विचार मी कित्येक वर्षं केला नव्हता. वर असेपर्यंत त्या सुया घरातला कचरा होत्या. त्यांना ना रंग, ना बारकोड, ना ४८ तास. खाली पोचल्या की त्याच सुया जैववैद्यकीय कचरा व्हायच्या, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या गावाहून गाडी निघायची. वडिलांनी दवाखाना बंद केला तेव्हा जिना तिथेच राहिला, पण खाली काही उरलं नाही. आईच्या बरण्या माळ्यावर जाऊन बसल्या.

गोष्ट आमच्या एका घराची नाही. आपल्या देशाने कचऱ्याकडे पाहिलं ते दारादारांनी. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या पोटी १९८९ मध्ये कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे नियम आले. मग १९९८ मध्ये इस्पितळं. घराचा नंबर लागला २००० मध्ये, तोही कचऱ्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या अल्मित्रा पटेल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या म्हणून. पुढे २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर तीन आठवड्यांत सहा नियमावल्या निघाल्या: प्लॅस्टिक, ई-कचरा, दवाखाने, राडारोडा, कारखाने आणि सगळ्यात शेवटी, ८ एप्रिलला, घनकचरा. त्या वर्षी जानेवारीत देवनार पेटलं होतं. १९२७ पासून मुंबईच्या पोटातलं सगळं गिळत आलेलं ते मैदान दिवसच्या दिवस धुमसत होतं आणि धूर इतका की तो उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होता. घनकचऱ्याच्या त्या शेवटच्या नियमावलीत घरातल्या घातक कचऱ्याला पहिल्यांदा नाव मिळालं आणि यादीही: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, जुनी औषधं, फुटलेले थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया. यादी वाचताना मला आमचा माळा आठवला. एकही वस्तू चुकलेली नव्हती.

पण कारखान्यांच्या नियमावलीत पहिल्याच पानांवर एक कलम आहे: महापालिकेच्या कचऱ्याला हे नियम लागू नाहीत. म्हणजे विषाची जात त्याच्या रसायनावरून ठरत नाही. ते कुठल्या दारातून बाहेर पडलं त्यावरून ठरते.

माझा भाचा रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण खात्यात आहे. तो आला की जेवताना त्याच्या ड्रमांच्या गोष्टी सांगतो आणि त्याची आई "आता पानावर तरी बस नीट" म्हणते. सांडपाण्याच्या प्रकल्पातला गाळ ड्रममध्ये भरतात. ड्रमला चिठ्ठी, तिच्यावर काय आहे, कुठल्या वर्गातलं, कधी भरलं. ९० दिवसांच्या वर आवारात ठेवायचं नाही. ट्रक परवान्याचा, ड्रायव्हर प्रशिक्षित, आणि बरोबर एका कागदाच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी आपल्याकडे, गुलाबी कचरा घेणाऱ्याकडे, अशा वाटत वाटत निळी प्रत परत कारखान्यात येईपर्यंत ड्रम पोचला असं धरायचं नाही. जायचं कुठे, तेही ठरलेलं. तळोज्याला, नाहीतर रांजणगावला. विदर्भातला असेल तर बुटीबोरीला. तिथे काही जाळतात, काही चुन्या-सिमेंटात घट्ट करून प्लॅस्टिकचं जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात आणि खड्ड्याभोवतीच्या विहिरींचं पाणी तपासत राहतात. "कागदावर," मी म्हटलं. "कागदावर," तोही म्हणाला, "पण आत्या, कागद असतो तेव्हा निदान कुणाला धरायचं ते कळतं." नदीत रात्री टँकर सोडणारे आहेतच, ते तो नाकारत नाही. त्यांना चोर म्हणता येतं ते मात्र त्या सात कागदांमुळेच.

देशाचं लक्ष असलं म्हणजे किती असतं ते २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत दिसलं. भोपाळच्या त्या कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांतून मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला जाळण्यासाठी निघाला, पोलिसांचा ताफा, रुग्णवाहिका, रस्ते मोकळे. न्यायालयाने तंबी दिली तेव्हा निघाला, हेही खरं. पिथमपूरकर रस्त्यावर आले, आमच्या अंगणात का म्हणून. तरी जूनअखेर तो जाळून झाला. आणि चुना वगैरे मिसळावा लागतो म्हणून राख मूळ कचऱ्याहून जास्त भरली, ती आता पुरायची कुठे यावर पुन्हा वाद. टीव्हीवर ते कंटेनर बघताना मला बिस्किटाचा पुडा आठवला नाही, तो नंतर आठवला. तेव्हा वाटलं ते एवढंच, की आपल्याला मोठं विष दिसतं.

लहान विषाशी आपण खेळलेले असतो. वडिलांच्या दवाखान्यात थर्मामीटर फुटला की आम्हा भावंडांची चंगळ. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मणी पळायचे. बोटाने दाबलं की फुटायचे, ढकलले की एकमेकांत शिरून मोठे व्हायचे. एक गोळी मी औषधाच्या बाटलीत घालून कंपासपेटीत ठेवली होती आणि मैत्रिणींना दाखवून भाव खाल्ला होता. वडील रागवायचे ते थर्मामीटर फुटला म्हणून, पाऱ्यासाठी नव्हे. ज्या डोंगरातल्या गावात तसे थर्मामीटर बनत होते त्या कोडाईकनालमध्ये मार्च २००१ मध्ये भरवस्तीतल्या भंगाराच्या दुकानात पाऱ्याने माखलेली ७.४ टन फुटकी काच सापडली. कारखाना अमेरिकेतून जुना म्हणून इकडे आणलेला. त्याने काच विकली, भंगारवाल्याने घेतली, दोघांच्या वहीत ती 'काच' होती. कारखाना बंद झाला आणि २००३ मध्ये पाऱ्याचा २९० टन कचरा जहाजाने उलट अमेरिकेला, पेनसिल्व्हेनियात पाठवला गेला. त्या कारखान्यातल्या ५९१ कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. भंगाराच्या दुकानात काच म्हणून शिरलेला पारा आणि सुक्या कचऱ्यात कागद म्हणून शिरलेली सुई, यांच्यात मला मापाचाच काय तो फरक दिसतो. पाऱ्यावर बंधनं आणणाऱ्या मिनामाता कराराला आपण २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे आता दुकानात डिजिटल थर्मामीटर मिळतो. त्याच्या पोटात बटणासारखी बॅटरी असते. तीही यादीत आहेच.

तर २०१६ च्या त्या नियमावलीत सांगितलं होतं की प्रत्येक शहराने दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडावं, लोकांनी तिथे घरातला घातक कचरा नेऊन द्यावा, आणि केंद्राच्या वेळा जाहीर कराव्यात. मी माझ्यापुरतं विचारून पाहिलं. ओळखीच्या निम्म्या लोकांना असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. उरलेल्यांनी ई-कचऱ्याच्या शिबिराचं पत्रक दाखवलं, तेही गेल्या दिवाळीचं. केरळ सरकारने २०२५ मध्ये घरात पडून असलेली औषधं गोळा करायचा उपक्रम सुरू केला आहे, म्हणजे ठरवलं तर करता येतं. आणि १ एप्रिल २०२६ पासून देशभर नवे नियम आले आहेत: ओला, सुका या दोनाच्या जोडीला सॅनिटरी कचऱ्याचा तिसरा आणि विशेष काळजीच्या कचऱ्याचा चौथा डबा. चौथ्या डब्याबद्दल आमच्या ग्रुपवर चर्चा झाली ती त्याचा रंग कोणता आणि वर्गणी किती यावर. मी निराशावादी बाई नाही. पण तिसऱ्या डब्याचा इतिहास मला माहीत आहे, म्हणून चौथ्याबद्दल जपून बोलते.

तो इतिहास पुण्याचा. १९९३ मध्ये तिथे कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांच्या पुढाकाराने. आधी ओळखपत्रं मिळवली, मग २००८ मध्ये त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि उकिरड्यावर वाकणाऱ्या बाया दारावर येऊन कचरा मागू लागल्या. दारावर आल्या म्हणजे घराच्या आतलं सगळंच त्यांच्या हातात आलं. वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेले, काळ्या पिशवीतले, पिशवीतून सांडलेले पॅड आणि डायपर. त्यांनी 'रेड डॉट' नावाची मोहीम काढली. मागणी काय, तर नीट गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही. आणि २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडची गाठोडी थेट बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना पाठवून दिली: तुमचा माल, तुम्हीच बघा. मला ती कल्पना अजूनही फार आवडते. निवेदनं द्यायला गेलं की चहा मिळतो. गाठोडं पोचलं की वास येतो. २०१६ च्या नियमांत पॅडबरोबर पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली गेली. लाल ठिपका मात्र अजूनही किती घरांत काढला जातो ते आपापल्या मोरीत डोकावून बघावं.

कोविडच्या दिवसांत सगळं जमलं होतं, हे विसरायला नको. २०२० मध्ये घरात विलगीकरणात असलेल्या पेशंटचा कचरा पिवळ्या पिशवीत द्यायचा, वेगळा न्यायचा, दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळायचा, असे आदेश निघाले. आमच्या वरच्या जोशीकाकूंच्या दाराबाहेर पिवळी पिशवी दिसली की लिफ्टमध्ये कुणी चढत नसे. दोन माणसं पांढऱ्या पोशाखात येत, पिशवीवर औषध फवारत, गाठ मारत आणि घेऊन जात. त्या वर्षी जिन्याच्या वरचा आणि खालचा कचरा एक झाला होता. कारण उघड आहे. त्या पिशवीतलं काही उलटून आपल्याच अंगावर येईल अशी भीती होती. सुईला तसं पाय फुटत नाहीत. ती एकदा घराबाहेर पडली की परत येत नाही, आणि ज्याच्याकडे जाते तो आपल्या ग्रुपवर नसतो. भारतात मधुमेह असलेली दहा कोटींहून जास्त माणसं आहेत असं २०२३ च्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत निघालं. सगळी इन्सुलिनवर नसतात. तरी.

सुई टोचल्यानंतर एकदा मी शालनताईंबरोबर त्यांच्या शेडवर गेले. पत्र्याचं छप्पर, दुपारचं ऊन, आणि आंबलेल्या फळांचा, ओल्या पुठ्ठ्याचा, कुठल्याशा फिनेलचा मिसळलेला वास. पहिली दहा मिनिटं तोंडाने श्वास घ्यावा लागला, मग नाक मुकाट झालं. सात-आठ बायका गोल करून बसलेल्या, मध्ये ढीग. हात इतके भराभर चालत होते की मला वस्तू दिसायच्या आधी ती कुठल्यातरी पोत्यात पडलेली असायची. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, कडक प्लॅस्टिक वेगळं, मऊ वेगळं. डबा कडक की मऊ ते ताई बघत नव्हत्या. बोटांत दाबून त्याचा आवाज ऐकत होत्या. "डोळ्यानं बघत बसलं तर दिवस मावळंल," त्या म्हणाल्या. हातमोजे पोत्याखाली घडी घालून ठेवलेले होते, कोरे करकरीत. मी विचारलंच. त्यांनी एक मोजा चढवला, ढिगातून दोन पिशव्या उचलून माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाल्या, "यात वळख पटत न्हाई. मालात माल मिसळला की भाव पडतोय." म्हणजे ज्या बोटाच्या टोकाने भाव कळतो त्याच टोकाला सुईही लागते. हा तिढा हातमोजे वाटणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या फोटोत बाया मोजे घालूनच उभ्या असतात. त्या दुपारी ढिगातून दोन सीएफएल, गळू लागलेल्या सेलची एक जोडी, झुरळाच्या औषधाचा अर्धा भरलेला फवारा आणि खोकल्याच्या औषधाच्या चिकट बाटल्या निघाल्या. सीएफएल त्यांनी भिंतीलगत अलगद टेकवले. "त्याचं काय करता?" "काय करायचं? कोण घेत न्हाई. फुटलं की झाडतो."

टोचल्याचं पुढे काय झालं तर सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. पहिल्या प्रश्नाला ताईंनी उत्तर दिलं, "सोसायटीची." डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं म्हणे. आमच्याकडे मग जिन्याखाली एक पांढरी बरणी आली. तळमजल्यावर एक पॅथॉलॉजी लॅब आहे. त्यांच्याकडे कचऱ्याची गाडी येतेच. लॅबवाल्या मॅडमना गळ घातली, त्यांनी मान डोलावली, आमची बरणी त्यांच्या पांढऱ्या डब्यात जाते. "फक्त लेखी मागू नका," म्हणाल्या, "माझ्या नोंदीत घरचा कचरा बसत नाही." पहिल्या महिन्यात बरणीत इतक्या सुया साठल्या की सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेले. एवढ्या माणसांना एवढ्या वेळा टोचून घ्यावं लागतं, हे आम्हाला इतक्या वर्षांत एकमेकांबद्दल माहीत नव्हतं.

माझ्याकडे वडिलांचं बीपीचं यंत्र आहे. लाकडी पेटी, आत काचेची नळी, तळाला पारा. एका थर्मामीटरपेक्षा कितीतरी पट जास्त. घर विकलं तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं, हे ठेवलं. भाचा गेल्या महिन्यात आला होता, त्याला काढून दाखवलं. तो आधी हरखला, पेटी उघडबंद करून बघितली, आजोबांची सही सापडली ती मोबाईलमध्ये घेतली. मग त्याच्या चेहऱ्यावर ऑफिस आलं. नळी आडवी करू नकोस म्हणाला, तळाशी कुठे गळतंय का ते निरखून बघितलं, दोन जाड पिशव्या मागितल्या, चिकटपट्टी मागितली आणि मार्करने वर तारीख घातली. "कारखान्यात ९० दिवस. तुझ्याकडे किती वर्षं आहे?" मी म्हटलं, मग तूच घेऊन जा की, तुमचे ट्रक तळोज्याला जातातच. तो हसेल असं वाटलं होतं. "गेटवर विचारतील, कुठून आलं. काय सांगू? आमच्या कुठल्या प्रक्रियेतून निघालं? सात कागदांवर तुझं नाव कुठे घालू?" महापालिकेला विचार म्हणाला. विचारलं आहे म्हटलं. अर्ज दिलाय, पोच आहे. मग त्याने स्टुलावर चढून ते सगळ्यात वरच्या कप्प्यात, चादरींच्या मागे ठेवलं, खाली उतरून नातवंडांचा हात पोचत नाही ना ते दोनदा बघितलं, हात साबणाने धुतले आणि पोह्यांवर लिंबू आहे का विचारलं.